भिंग आधी माझ्या हातात देणाऱ्या ताईंना

ताई,

‘माझं नाव कुठे लिहू नकोस’ असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं ताई. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. तुमच्याआधी ज्यांनी आम्हाला गुंडाळायचा प्रयत्न केला त्यांच्याही नजरेस हे पत्र पडावं, अशी थोडी खोडसाळ इच्छा आहेच.

मामा गेल्यावर मामीने त्यांचा तंबाखू ओढायच्या पाइपांचा खोका माझ्याकडे सोपवला. सगळे जुने, दुसऱ्यांनी ओढून झालेले, मामांनी कुठून कुठून हुडकून आणलेले. कोणता कुठला हे त्यांना तोंडपाठ असायचं, त्यामुळे लिहून ठेवायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. मामीला एवढंच कळायला हवं होतं की यातलं काय विकावं, काय ठेवावं आणि विकताना कुणी टोपी घालणार नाही ना.

टोपी घालणारे तयारच होते. पहिल्या गृहस्थांनी एका पाइपच्या दांडीवरची चांदीची पट्टी नखाने टोकरली आणि चांदीच्या वजनावर भाव सांगितला, लाकूड जणू फुकट. दुसरे म्हणाले, ‘जरा चमकवून बघू,’ आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पाइप पॉलिशच्या चाकाला लावला. लाकूड लखलखलं आणि दांडीवरचा ठसा निम्मा उडाला. जुन्या पाइपचं कूळ त्या बारीक अक्षरांत असतं, हे त्यांना ठाऊक नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही. तिसरे स्वतःला जाणकार म्हणवत. त्यांनी कुठल्या तरी विक्रेत्याने मागितलेला मोठा आकडा वाचून दाखवला, आमचे डोळे विस्फारलेले पाहिले आणि लगेच ‘पण तुमच्यात तो दम नाही’ म्हणत चिल्लर पुढे केली.

मग तुम्ही. स्टेमला, म्हणजे तोंडात धरायच्या नळीला, हात लावण्याआधी ‘फिरवून काढू का?’ असं विचारलंत. टेबलावरचा दिवा खाली आणून प्रकाश आडवा पाडलात. ठसा वाचलात. तुम्हाला उमगलंय हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी उत्तराची वाट पाहत होतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘आधी तू वाच.’

एवढंच. पण त्या क्षणाला गळा दाटून आला, आणि हे लिहितानाही येतोय. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने पाइप स्वतःकडे वळवून पाहिला होता. आमच्या वाट्याला फक्त त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आल्या होत्या. तुम्ही दिवा माझ्या बाजूला सरकवलात. आडव्या उजेडात अक्षरं एकेक करून वर आली, शेवटी ‘इंग्लंड’, आणि त्यातल्या शेवटच्या ‘डी’ला खेटून एक चिमुकला १२, खाली रेघ. ‘आता १९६०मध्ये बारा मिळव,’ तुम्ही म्हणालात. १९७२चा डनहिल, त्या नामांकित इंग्लिश कंपनीचा पाइप! स्टेमवरचा पांढरा ठिपका, डनहिलची ओळखखूण, तर आम्हाला आधीच दिसला होता, पण त्यावर भाळायचं नाही हे तुम्ही सांगितलंत: ठिपका दुसरेही लावतात, आणि स्टेम मागाहून बदललेलाही असू शकतो. म्हणून ठिपका, ठसा आणि स्टेम दांडीत बसतो कसा, हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते पाहायचं.

वाईट बातम्याही तुम्ही त्याच आवाजात दिल्यात. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाइपच्या कड्यावर तीन चित्रं होती: तीन पानांचं शॅमरॉक, बसलेला कुत्रा, गोल मनोरा. मामी ती चांदीच्या शुद्धतेची खूण समजून जपत होती. ती चांदीची नाहीतच, निकेलच्या कड्यावरची सजावट आहे, हे सांगताना तुम्ही तिला हसला नाहीत. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर मुकुटाखालची वीणा आणि बसलेली हायबर्निया, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री, असते, हेही दाखवलंत. दांडीवर ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ होतं, म्हणजे पाइप १९४९च्या अलीकडचा. त्याआधीच्या काळात ‘आयरिश फ्री स्टेट’ हा ठसा १९२२ ते १९३७ या वर्षांतला. मला हे फार आवडलं. देशाचं नाव बदलतं आणि लाकडावर त्याची नोंद राहते.

आणि ती वजनावर मोजलेली चांदीची पट्टी! तिच्यावर तीन पेंढ्या आणि तलवार निघाली, म्हणजे इंग्लंडमधल्या चेस्टरच्या, चांदीची शुद्धता तपासणाऱ्या कार्यालयाची खूण. ते कार्यालय १९६२मध्ये बंद झालं, तेव्हा पट्टी त्याआधीची हे नक्की. मी पाइपही तितकाच जुना धरून चाललो होतो, तर तुम्ही थांबवलंत. दांडीला तडा गेला की तो झाकायला पट्टी चढवतात, आणि ती दुसऱ्या पाइपवरून आलेलीही असू शकते. मग तुम्ही आतून उजेड टाकून तडा शोधलात. होता.

चाकाला लावलेल्या त्या बिचाऱ्या पाइपचं नाव काही तुम्ही सांगितलं नाहीत. उरलेल्या तीन-चार अक्षरांवरून अंदाज करता आला असता, आणि अंदाजाने किंमतही वाढली असती. ‘मी नाव दिलं तर ते माझं होईल, पाइपचं नाही,’ असं म्हणून तो बाजूला ठेवलात.

किमतीबाबत तुमचा एकच धोशा होता: मागितलेला आकडा बघू नकोस, तसाच पाइप प्रत्यक्षात कितीला गेला ते बघ; ठसा किती ठळक, स्टेम मूळचा का, बाऊलची, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीची, आतली भिंत जळून पातळ झाली आहे का, ते धरून खाली-वर कर. आणि डनहिल तुम्हाला आवडलाय हे डोळ्यांत दिसत असूनही तुम्ही तो मागितला नाहीत. मीच विचारलं, तर म्हणालात, ‘किंमत मी सांगितली ना? मग मी घ्यायचा नाही.’ असा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो. तो पाळणाऱ्याला कुणी शाबासकीही देत नाही, आणि मोडणाऱ्यांची घरं बरी चाललेली मी पाहिलीत. तरी काही माणसं तो पाळतात. माझ्या समोर एक बसलेली होती.

डनहिल विकायचा, असं मामीने ठरवलंय. तुम्ही सांगितलेली सगळी माहिती, स्टेमवरच्या दाताच्या खुणांसकट, घेणाऱ्याला लिहून देणार आहोत. निकेलचं कडं असलेला पीटरसन ती कुणालाच देणार नाही म्हणते. खोक्याच्या तळाशी एक मीरशॉमही, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाचा पाइप, निघालाय, कापडात गुंडाळलेला. धुतलेला नाही, पुसलेलाही नाही. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी घेऊन येतो. भिंग मी माझं विकत घेतलंय.

तुमचा आभारी,
खोकेवाला भाचा