शेड रिकामं कधी असतं, ते आधी बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रदर्शनाचा आराखडा वाचला. कर्नाटकात अथणीकडच्या चार गावांतल्या बेदाणा शेडांत चित्रं-शिल्पं मांडायची ही कल्पना आवडली. द्राक्षाच्या हंगामातली तारीख मात्र पार चुकली आहे.

तू इटलीतल्या मोन्फेर्रातोचा दाखला दिलायस. २०२४ च्या सप्टेंबरात कामान्या, विन्याले, मोन्तेमान्यो आणि कास्तान्योले या चार गावांत ते कलाप्रदर्शन झालं, तेव्हा तिकडेही द्राक्षं उतरवायचे दिवस होते, हे खरं. पण तिथं चर्च आणि जुने वाडे हाताशी होते. तू घेतेयस ती चालती कामाची जागा. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर माल असतो. १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात द्राक्षं बुडवायची, जाळीवर पसरायची, पंधरा-वीस दिवस वाळवायची. एक लॉट उतरला की दुसरा चढतो. त्या गडबडीत तुला जागा कोण देणार? आणि दिलीच, तर पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तिनं डोळे आणि घसा जळतो, दमेकऱ्याला तर धोकाच. झाडपाल्यानं रंगवलेलं कापड फिकं पडतं, ओल असली तर लोखंडावर गंज चढतो.

तिकडचा धोका याच जातीचा, फक्त त्याला वास नाही. मोन्फेर्रातोत मऊ दगडात कोरलेली तळघरं असतात, इन्फेर्नोत म्हणतात. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत तो द्राक्षमुलूख गेला त्यात तीही आहेत. त्यांत वाइनच्या बाटल्या ठेवायच्या, रस आंबवायचा नाही. पण शेजारच्या खोलीत रस आंबत असेल तर एका लिटरमागे साधारण ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जड असल्यानं खाली उतरून साठतो. आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून बघतात, त्यावर विसंबू नकोस. ज्या हवेत ज्योत विझते, त्याच्या आधीच माणूस गरगरतो. तू तिकडे कधी कामाला गेलीस तर वायूमापक लावल्याशिवाय तळघरात उतरायचं नाही.

आपली तारीख ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला धर. शेडं रिकामी, बागेत फळछाटणी सुरू व्हायची असते, उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर नसतात. साखर कारखाने सुरू झाल्यावर जोड-ट्रॉलीमागे अडकलेला पाहुणा पुढच्या गावात वेळेवर पोचतच नाही. त्या दिवसांची अडचण पाण्याची. कृष्णाकाठची गावं वगळ, २०१९ च्या ऑगस्टचा पूर विसरू नकोस. तेलसंगच्या बाजूला वरची गावं बघ. काळ्या रानात चार थेंब पडले तरी गाडी रुतते, म्हणून मुरूम टाकलेली जागा गाडीतळाला हवी.

आता शेडचं. आत दहा-बारा थर जाळ्या, एकमेकांपासून फूटभर. काम टांगायचं ते लोखंडी सांगाड्याला, जाळीच्या तारेला नाही. तार पसरलेल्या वजनासाठी असते, एका जागी दहा किलो आले की झोळ पडतो. मांडणीआधी जाळ्या धुवायलाच हव्यात. वरून स्वच्छ दिसतात, बोट फिरव, चिकट लागेल. राहिलेल्या साखरेला पहिल्या दिवशी मुंग्या येतात, दुसऱ्या दिवशी गांधीलमाश्या. धुऊन दोन दिवस उन्हात सुकव, मगच कापड लाव. बाजू उघड्या असल्यानं कागदावरचं काहीही तिथं ठेवू नकोस, ते शाळेच्या खोलीत जाईल. मोठं कापड सलग ताणलंस तर वारा त्याचं शीड करतो. मधूनमधून चिरा ठेव, आणि खालची दोरी वरच्यापेक्षा कच्ची बांध, म्हणजे जोराच्या वाऱ्यात ती आधी तुटते, सांगाडा वाचतो.

रानातली थ्री फेज लाईन ठरावीक तासच असते, प्रोजेक्टर तिच्या भरवशावर नको. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टर खातो ते आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही हे धरून हाती निम्मे. ३०० वॅटचा प्रोजेक्टर तीन तास. म्हणजे तो संध्याकाळीच लाव, दिवसा शेडात तसंही काही दिसणार नाही.

एका दिवसात आठ ठिकाणं लिहिली आहेस, ती निम्मी कर. जपानच्या एचिगो-त्सुमारीत २००० सालापासून ७६० चौरस किलोमीटरवर अशी जत्रा भरते, आणि तिथं सगळं एका दिवसात बघायचं कुणी मनातही आणत नाही. एका जागी चाळीस मिनिटं, पुढच्या गावाला अर्धा तास, मध्ये भाकरी. चार झाली की माणूस दमतो. प्रत्येक शेडची किल्ली एकाकडे, दुसरी शेजारच्या घरी. बंद दार बघून परत गेलेला पुन्हा येत नाही. मोबाईलचा नकाशा उसातल्या पाणंदीत घालतो, म्हणून वळणावळणावर पाटी हवी. कन्नड वर आणि मोठ्या अक्षरात, खाली मराठी. कर्नाटकात नामफलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, आणि नसता तरी तेलसंगच्या आजीला वाचता यायला नको का? कलाकाराचा मजकूर पंचवीस शब्दांत बसव. मराठीवरून कन्नड करताना नुसता कोश उघडू नकोस, गावच्या मास्तरांकडून वाचून घे.

ग्रामपंचायतीचा अर्ज दोन महिने आधी टाक. शेडचं भाडं मालकाशी ठरव, आणि जाळ्या धुणाऱ्या बायकांची मजुरी त्यात धरू नकोस, ती वेगळी द्यायची. शेडची लांबी आणि दोन खांबांमधलं अंतर मोजून कळव, म्हणजे दोरी किती लागेल ते सांगतो.

तुझे
आप्पा