गोंदणावर झोत नको

महोदय,

घरच्या घरी प्रकाशाच्या तीव्र झोतांनी केस काढण्याची आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) यंत्रे हल्ली सर्रास विकली जातात. टॅटूबद्दलची सूचना मात्र माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात. यंत्राचा झोत केसातल्या गडद रंगात शोषला जाऊन मूळ तापवतो. टॅटूची शाई, अगदी आजीच्या हातावरचे हिरवट गोंदणसुद्धा, तसाच प्रकाश शोषते. मग कातडी भाजते, फोड येतो, नक्षीही बिघडू शकते. त्वचेचा रंग तपासणाऱ्या सेन्सरवर विसंबू नका. बारीक रेघ त्यातून सहज सुटते. पांढरी पट्टी चिकटवून वरून झोत मारणे हा तर निव्वळ जुगार. यंत्राच्या काचेची कड टॅटूपासून निदान २.५ सेंटिमीटर लांब ठेवा, मधल्या पट्ट्यात साधा रेझर फिरवा. चटका बसलाच तर २० मिनिटे नळाचे गार पाणी. बर्फ किंवा टूथपेस्ट नको.

– एक वाचक, पुणे