विषय : ग्रॅनी फ्लॅटचं (मुख्य घरामागच्या छोट्या स्वतंत्र घराचं) वीज-पाणी बिल आमच्या माथी मारल्याबद्दल

व्यवस्थापक,

आजचा फोन ठेवून लगेच लिहितोय. पश्चिम सिडनीत ग्रॅनी फ्लॅट भाड्याने देणं हा तुमचा रोजचा धंदा, तेव्हा प्रस्तावना नको.

पुढचं घर आणि मागचा फ्लॅट मिळून विजेचा मीटर एकच. न्यू साउथ वेल्स राज्याच्या २०१० च्या भाडेकरू कायद्याचं कलम ४० सांगतं की वेगळा मीटर नसेल तर वीजबिल घरमालकाने भरायचं. पाण्याचं कलम ३९ आणि त्याखालचे नियम : भाडेकरूकडून बिल घ्यायचं तर वेगळा मीटर हवाच, वर शॉवरमधून मिनिटाला ९ लिटरहून जास्त पाणी येता कामा नये. इथे १० लिटरची बादली पाऊण मिनिटात भरते. तरी तुमचं ‘निम्मं बिल’ येतंच. पुढच्या घरात डक्टेड एसी आणि पूलचा पंप, मागे एक स्प्लिट एसी आणि लहानसा गीझर. निम्मं कशाचं?

आता तुमच्या प्रतिनिधीचं ज्ञान ऐका.

‘‘सर, फिफ्टी-फिफ्टी फेअर आहे ना?’’
‘‘मीटर किती?’’
‘‘एकच आहे, म्हणून तर निम्मं!’’

ज्या कारणाने एक डॉलरही मागता येत नाही, तेच कारण पैसे मागायला! वर, ‘‘करारात लिहिलंय.’’ कायद्याविरुद्धची अट करारात घातली तरी ती लागू होत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? आणि शेवटी, ‘‘आपलीच मराठी माणसं, थोडं अ‍ॅडजस्ट करा की.’’ वा! जाहिरात मराठीत, लूटही मराठीत.

बाथरूमची बुरशीही तशीच. एक्झॉस्ट फॅनचा पाइप छताबाहेर काढलेलाच नाही, माळ्याच्या पोकळीत सोडून दिलाय. थंडीत वाफ पत्र्याला लागते, पाणी होऊन सिलिंगवर ठिबकते. तुमच्या माणसाने ब्लीच मारून वर रंग फासला, बुरशी परत आली. ‘‘खिडकी उघडी ठेवा,’’ म्हणे. ती काच फिक्स आहे, तुमच्याच कंडिशन रिपोर्टमध्ये (घराच्या स्थितीच्या नोंदीत) तसं लिहिलंय.

वीज-पाण्याची बिलं लेखी रद्द करा, घेतलेले पैसे परत करा, पाइप छताबाहेर काढा. १४ दिवसांत झालं नाही तर फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्याकडे तक्रार, मग ट्रिब्युनल, म्हणजे भाडेवादांचं न्यायाधिकरण. भाडं मात्र वेळेवर येत राहील. थकबाकीच्या नावाखाली घर सोडायची नोटीस काढायची संधी तुम्हाला मिळणार नाही.

आणि पुन्हा सांगतो, मीटर एकच आहे.

मागच्या फ्लॅटचा भाडेकरू