निकालाआधीचे आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या लेकीच्या अर्जावर अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा निर्णय अजून आलेला नाही. तो डिसेंबरच्या मध्यावर, तिकडच्या संध्याकाळी म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे कळेल, आणि त्याआधीच हे पत्र आपल्या हाती पडावे अशी माझी धडपड आहे. एकदा निकाल लागला की आभारांनाही निकालाचा रंग चढतो. प्रवेश मिळाला तर पेढ्यांच्या खोक्याबरोबर चार गोड शब्द पोहोचवले जातात. नाही मिळाला तर 'तुम्ही मात्र फार केलंत' असे म्हणून दोन्ही बाजू अवघडल्यासारख्या गप्प होतात. तिच्या कॉलेजातील शिक्षिका म्हणून आपण लेकीसाठी जे केलेत त्याचे मोल तिकडच्या निर्णयावर अवलंबून नाही, आणि हे निर्णय ठाऊक नसतानाच सांगायला हवे.

पत्र उघडपणे लिहीत आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. अमेरिकेतील काही विद्यापीठे नेहमीच्या प्रवेशाआधी एक लवकरची फेरी घेतात. प्रिन्स्टनचा त्या फेरीचा अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत द्यावा लागतो आणि तो देणाऱ्याला त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठाच्या अशा फेरीत उतरता येत नाही. एकूण अर्जदारांपैकी शंभरात पाच जणांनाही तिथे प्रवेश मिळत नाही. तरीही आमच्यासारख्या पगारदार घराने हे धाडस केले, कारण परदेशी विद्यार्थ्याची पैसे भरण्याची ऐपत ते प्रवेश ठरवताना पाहत नाहीत, आणि २००१ पासून तिथली मदत कर्जाच्या नव्हे, अनुदानाच्या रूपात मिळते. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोघांनीही आपापली लवकरची फेरी बंद करण्याचे जाहीर केले होते. तिचा फायदा मुख्यतः सुस्थितीतील, हाताशी मार्गदर्शक असलेल्या मुलांना होतो, हे त्यामागचे कारण होते. २०११ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. कारण मात्र तेव्हा होते तसेच आजही आहे, हे आम्ही यंदा अनुभवले.

मार्गदर्शक आम्हीही शोधला होता. पुण्यातील एका सल्लागाराने पहिला हप्ता घेतला आणि लेकीने सांगलीतल्या २०१९ च्या महापुरावर लिहिलेला मजकूर वाचून तो म्हणाला, "पूर चांगला आहे, पण त्यात तू काय केलंस? एखादं मदतकेंद्र चालवलंस असं घालू या." त्या ऑगस्टमध्ये ती अकरा वर्षांची होती आणि आजीच्या औषधांची पिशवी छातीशी धरून मामाच्या गच्चीवर बसली होती. तिने नकार दिल्यावर त्या गृहस्थांचा उत्साह ओसरला आणि पुढे फोन उचलणेही बंद झाले. हप्ता अर्थातच परत आला नाही. इकडे कॉलेजच्या कार्यालयात शाळेच्या अहवालाचा (म्हणजे अर्जासोबत कॉलेजने स्वतः पाठवायच्या माहितीचा) विषय काढला, तेव्हा 'असलं काही आम्ही देत नाही, बोनाफाईड हवं असेल तर अर्ज करा' असे उत्तर मिळाले. आपल्याच कार्यालयाविषयी हे लिहितो आहे, राग मानू नये. त्या खिडकीवरील माणसाला मी फारसा दोष देत नाही, त्याला हे काम कोणी कधी समजावूनच सांगितले नव्हते. त्या सल्लागाराला मात्र सगळे समजत होते.

मग लेक आपल्याकडे आली. अहवाल, शिफारसपत्र, प्राचार्यांची सही ही सर्व कामे आपण कशी मार्गी लावलीत, त्याचा पाढा इथे वाचत नाही. शिफारसपत्र आम्ही वाचलेले नाही आणि वाचणारही नाही, तसे लेकीने अर्जातच लिहून दिले आहे. पण एका निबंधाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रिन्स्टन अर्जासोबत वर्गासाठी लिहिलेला आणि शिक्षकाने तपासलेला एक निबंध मागते. त्यावर गुण हवेत आणि शेरेही हवेत. आपल्या अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर बरोबरच्या खुणा असतात आणि शेवटी बेरीज असते. मुलीने काय लिहिले आहे यावर कोणी दोन ओळी लिहिल्याचे मी तिच्या कोणत्याही वहीत पाहिले नव्हते. आपण एकटीला बाजूला बोलावून निबंध लिहून घेतला नाहीत, साऱ्या वर्गाला लिहायला लावलात आणि साऱ्या वर्गाचे निबंध तपासलेत, म्हणजे एका अर्जापायी आपण एवढा गठ्ठा घरी नेलात. लेकीला वीसपैकी तेरा मिळाले. गुण थोडे वाढवता येतील का, असे मी चाचरत विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "तेरा आहेत, तेराच जातील." त्या क्षणी मला ते फार कडक वाटले होते.

अर्ज गेला. आमच्या लेखी त्या निबंधाचे काम संपले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडले आणि आपण लेकीला तोच निबंध परत दिलात, या वेळी शेवटच्या पानाच्या समासात लाल शाईने नवीन मजकूर लिहून. महापुरावरचाच तो निबंध पाणी उतरले तिथे संपत होता. आपण विचारले होते: 'पाणी उतरल्यानंतरचे दिवस कुठे गेले? चिखल कोणी काढला? शेवट पुन्हा लिही.' लेक म्हणाली, मॅडम, तो तर पाठवून झाला. त्यावर आपण म्हणालात, "पाठवून झाला, पूर्ण कुठे झालाय?"

मॅडम, त्या दीड महिन्यात आमच्या घरी कोणालाही सुचली नव्हती अशी ही गोष्ट होती. आम्ही सगळे वाट पाहत होतो, दुसरे काहीच करत नव्हतो. पावसाळ्यात सांगलीकर जसा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले म्हणून दर तासाला 'आयर्विनला किती फूट झालं?' असे विचारतो, तसा मी दिवसातून कितीदा तरी मेल उघडत होतो, जणू मी पाहिल्याने पातळी कमी-जास्त होणार होती. नातेवाइकांचे 'झालं का अमेरिकेचं?' दर रविवारी ठरलेले. लेक जेवताना बोलेनाशी झाली होती. प्रिन्स्टनला उपयोगी नसलेले काहीही तिला करावेसे वाटत नव्हते, आणि प्रिन्स्टनला उपयोगी असे काही करण्यासारखे उरले नव्हते.

आपल्या त्या तीन ओळींनी तिला टेबलाशी बसवले. तिने मामीला फोन करून विचारले, शेजारच्या काकांना विचारले, आणि मला प्रथमच कळले की पाणी ओसरल्यावर घरातला गाळ ताटाने आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढावा लागला होता, कारण फावडे फरशीवर चालत नव्हते; भिंतीवरची ओलीची रेघ मामीने रंग देताना मुद्दाम एका कोपऱ्यात तशीच ठेवली आहे. हे सारे आता तिच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत आहे. ते प्रिन्स्टनमधले कोणीही वाचणार नाही. नव्या शेवटालाही आपण गुण दिलेत, चौदा. एक गुण वाढल्याचा तिला झालेला आनंद मी पाहिला आहे, आणि वाढवून घेतलेल्या अठरा गुणांनी तो झाला नसता एवढे मी नक्की सांगू शकतो.

या सगळ्या व्यवहारात प्रत्येक जण लेकीकडे अर्ज म्हणून पाहत होता. त्यात मीही आलो. कोणाला तिचे गुण हवे होते, कोणाला हप्ता, कोणाला फक्त शिक्का मारून मोकळे व्हायचे होते. अर्जाच्या पलीकडे एक मुलगी काहीतरी लिहिते आहे आणि तिचे लिहिणे अजून अपुरे आहे, हे आपण पाहिलेत. चांगुलपणा म्हणजे मदतीला धावणे अशी माझी समजूत होती. आपला चांगुलपणा जरा वेगळा निघाला: काम संपले असे बाकी सगळे म्हणत असताना लाल पेन हातात ठेवणारा, आणि कोणी मागितलेले नसताना एका वाक्यापाशी थांबून प्रश्न विचारणारा. अशी माणसे प्रत्येक गावात एक-दोन असतात आणि बहुतेकदा स्टाफरूमच्या कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यामागे बसलेली असल्याने दिसत नाहीत.

एक विनंती आत्ताच करून ठेवतो. होकार आणि नकार यांच्याखेरीज तिसरेही उत्तर येऊ शकते: निर्णय लांबणीवर टाकून अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला जातो आणि मार्चअखेरपर्यंत पुन्हा वाट पाहावी लागते. तसे झाले तर सहामाही परीक्षेचे गुण कॉलेजकडून पाठवावे लागतील, आणि त्या खिडकीवर मला पुन्हा बोनाफाईडचाच अर्ज भरायला सांगतील. तेव्हा जानेवारीत आम्ही आपल्याकडेच येऊ. लेक दुसरा निबंधही घेऊन येणार आहे, तो कोणत्याही अर्जासाठी नाही.

आपला कृतज्ञ,
बारावीतील एका मुलीचा बाप, सांगली