आधी खुराड्याची जाळी तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्ह्याने कोंबड्या नेल्या की सगळे बोलणे कोल्ह्याभोवती फिरते. तो किती धूर्त, त्याचा बंदोबस्त कसा करायचा, एवढ्यावर विषय संपतो. खुराड्याला कोणती जाळी होती, ती कशाने बसवली होती, दाराला कडी कसली होती, हे सहसा कोणी विचारत नाही. परसातल्या कोंबड्यांचे रात्रीचे नुकसान बहुतेक वेळा याच तीन ठिकाणांहून होते आणि ते थांबवणे पाळणाऱ्याच्या हातात असते, म्हणून हे पत्र.

षटकोनी घरांची जी पातळ जाळी कोंबड्यांसाठी म्हणून विकली जाते, ती कोंबड्यांना आत ठेवायला पुरते, शिकाऱ्याला बाहेर ठेवायला नाही. तिच्या तारा नुसत्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कुत्र्याने किंवा कोल्ह्याने दातात धरून ओढली की पीळ उलगडतो आणि भोक मोठे होते. कोंबड्या जिथे रात्र काढतात त्या खुराड्याला वेल्ड केलेली, अर्धा इंच चौकोनाची, जस्त चढवलेली जाळीच हवी. तार साधारण एक मिलिमीटर जाडीची, म्हणजे 19 गेजची असावी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे खरेदी करताना विसरू नये. वेल्डिंग झाल्यावर जस्त चढवलेली जाळी मिळाली तर तीच घ्यावी, कारण आधी जस्त चढवून मग वेल्ड केलेल्या जाळीत सांधे आधी गंजतात.

अर्धा इंचच का, असा प्रश्न येतो. एक इंचाच्या घरातून उंदीर आणि लहान साप सहज येतात, दोन इंचांच्या घरातून लहान मुंगूसही. शिवाय शिकाऱ्याला आत शिरण्याची गरजच नसते. कोंबड्या बसतात ती दांडी जाळीला लागून असेल तर रानमांजर मोठ्या घरातून पंजा घालते आणि मान बाहेर ओढते. सकाळी धड आत आणि डोके गायब, असे दिसले तर बऱ्याचदा हेच घडलेले असते. दांडी जाळीपासून किमान फूटभर आत घ्यावी.

चांगली जाळी आणून ती स्टेपलर पिनांनी ठोकली तर मेहनत वाया जाते. पिना लाकडातून उपसून येतात. जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने लावावी, म्हणजे बाहेरून ढकलली तरी ती चौकटीवरच दाबली जाते. रुंद वायसर घातलेले स्क्रू दर सहा इंचांवर मारावेत, किंवा जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून ती स्क्रूने आवळावी. लोखंडी चौकट असेल तर बारीक बांधणीच्या तारेवर विसंबू नये. ती पावसाळ्यात गंजते आणि पुढे एका झटक्यात तुटते.

उकरून येणाऱ्यांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे जमिनीवर पसरलेली जाळी. खुराड्याच्या किंवा कुंपणाच्या पायथ्याला जाळी जोडायची आणि ती बाहेरच्या दिशेने दीड ते दोन फूट आडवी पसरायची. यू आकाराच्या तारेच्या खुंट्या दर फूटभरावर ठोकायच्या, वर मातीचा पातळ थर किंवा दगड. कोल्हा, कुत्रा हे भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतात. तिथे पंजाला जाळी लागली की बाजूला सरकून पुन्हा बुडाशीच प्रयत्न करतात. दोन फूट मागे जाऊन उकरावे, हे त्यांना सहसा सुचत नाही. जाळी सरळ खाली गाडण्याचा मार्गही आहे, पण त्यासाठी किमान फूटभर खोल चर लागतो आणि मुरमाड किंवा खडकाळ जागेत तो जमत नाही. पसरलेली जाळी कुठेही चालते. कोपऱ्यांत मात्र दोन तुकडे एकमेकांवर चढवून घ्यावेत. उकरलेले भोक बऱ्याचदा कोपऱ्यातच सापडते.

लाकडी खुराडे असेल तर ते जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवावे. खाली घुशी बिळे करत नाहीत, केलीच तर दिसतात.

दाराची साधी आकड्याची कडी रात्रीसाठी पुरेशी नाही. दार हलवत राहिले की आकडा उसळून निघतो. कोयंड्यात खिळा, स्प्रिंगचा हुक किंवा सरळ कुलूप घालावे. दाराखालची फटही तपासावी. चार इंचांच्या फटीतून कोल्हा अंग चोरून आत येऊ शकतो. वर-खाली सरकणारे दार असेल तर ते दोन्ही बाजूंच्या खाचांत खोल बसायला हवे, म्हणजे खालून नाक घालून उचलता येणार नाही.

पण सगळे नीट करूनही दार लावायला उशीर झाला तर काय उपयोग? अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती दांडीवर बसली की पळत नाही. शिकारी नेमका तिन्हीसांजेला आणि पहाटे फिरतो. म्हणून रोज अंधार पडायच्या आत मोजदाद करून दार लावावे आणि पुरेसे उजाडल्यावरच उघडावे. स्वयंचलित दार बसवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: प्रकाशावर चालणारे दार ढगाळ संध्याकाळी लवकर बंद होते आणि मागे राहिलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) रात्रभर बाहेर सापडते. दार स्वयंचलित असले तरी मोजणे चुकवू नये.

सुरक्षेच्या नादात काही जण खुराडे पेटीसारखे बंद करतात. ती चूक जीवघेणी आहे. विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडला की डोळे आणि श्वासनलिका खराब होतात, उन्हाळ्यात तर उष्माघाताने एका दुपारीत कोंबड्या मरतात. हवेची भोके दांडीच्या वर, समोरासमोरच्या भिंतींत ठेवावीत आणि त्यांना तीच अर्धा इंची जाळी लावावी.

नुकसान झाल्यावर कोण आले होते ते ओळखता आले तर दुरुस्ती नेमकी होते. अख्खी कोंबडी गायब आणि कुंपणाकडे पिसांचा माग असेल तर संशय कोल्ह्यावर किंवा त्याच्याहून लहान अशा खोकडावर घ्यावा. आत कोंडलेल्या जागी कोल्हा गरजेपेक्षा जास्त मारतो. पक्षी फडफडत राहतात आणि ती हालचाल त्याला पुन्हा पुन्हा झडप घालायला लावते. जमेल तेवढे तो नेऊन पुरूनही ठेवतो. पुष्कळ कोंबड्या फाडलेल्या पण न खाल्लेल्या असतील तर बहुधा भटकी कुत्री. अंडी माग न ठेवता नाहीशी होत असतील तर साप, फोडलेली टरफले असतील तर मुंगूस किंवा घूस. दिवसा एकच पक्षी गेला आणि उपटलेल्या पिसांचा ढीग एका जागी पडला असेल तर शिकारी पक्षी. मात्र मेलेल्या कोंबडीवर नंतर दुसराच प्राणी येऊन खातो, तेव्हा एका खुणेवरून निकाल देऊ नये.

साप आणि मुंगूस बहुधा अंडी, पिल्ले आणि उंदरांच्या वासावर येतात. संध्याकाळी अंडी उचलावीत, उरलेले खाद्य आत घ्यावे, साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. खुडूक कोंबडीला झुडपात अंड्यांवर बसू देणे म्हणजे ती गमावणे. तिला जाळीच्या आतच बसवावे. पिल्लांवर नुसते डालगे झाकणे दिवसा ठीक, रात्री नाही. नायलॉनची सैल जाळी जमिनीलगत लोंबत ठेवू नये, त्यात साप अडकून तडफडून मरतात आणि सोडवणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

शिक्रा आणि घार या शिकारी पक्ष्यांसाठी मोकळ्या जागेवर ताणलेले जाळे हवे, आणि कोंबड्यांना धावत जाऊन लपता येईल असा आडोसा. कुंपणाच्या आत दाट झुडपे, कमी उंचीचे छप्पर ठेवावे. कुंपणाबाहेर मात्र आठ-दहा फूट गवत कापलेले असावे, कारण तोच आडोसा बाहेर कोल्ह्याला मिळतो. चकचकीत पट्ट्या, लुकलुकणारे दिवे यांना प्राणी लवकर सरावतात. त्यांच्या जागा बदलत राहिल्या तर थोडा फरक पडतो, भरवसा मात्र ठेवू नये.

विजेच्या कुंपणाबद्दल कळकळीने सांगायचे आहे. घरातली वीज तारेत थेट सोडणे हा माणसे मारण्याचा प्रकार आहे. शेजारचे मूल, स्वतःच्या घरातले कोणीही त्यात जाऊ शकते. वापरायचे तर खास कुंपणासाठी बनवलेले, क्षणभराचे झटके देणारे यंत्रच. कुंपणावर किमान 3000 व्होल्ट मोजले जायला हवेत. अर्थिंगचा दांडा तीन फूट तरी खोल ठोकावा. कोरड्या मातीत झटका क्षीण होतो, तिथे दांड्याभोवती पाणी घालावे किंवा दांडे वाढवावेत. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते, म्हणून तारेखालची जमिनीची पट्टी सतत साफ हवी. आधीच जाळीचे कुंपण असेल तर त्याच्या बाहेर आठ इंचांवर, जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच अशी एकच तारही पुरते, कारण प्राणी आधी नाकाने हुंगतो.

विष घालण्याचा विचार मात्र कोणीही करू नये. विष घातलेले मांस कोल्हाच खाईल याची खात्री नसते. त्याने कुत्री, मांजरे मरतात, मेलेले खाणाऱ्या घारी मरतात. कोल्हा मेला तरी मोकळी झालेली जागा दुसरा घेतो आणि जाळी होती तशीच असते. वर उंदीर-घुशी खाणाराच कमी होतो.

हल्ला झाल्यानंतरची रात्र सर्वांत धोक्याची. प्राण्याला वाट माहीत झालेली असते आणि उरलेल्यांसाठी तो परत येतो. त्या दिवशी अंधार पडण्यापूर्वी भोक बुजवावे, मेलेले पक्षी दोन-तीन फूट खोल पुरावेत, सांडलेले रक्त आणि पिसे काढून टाकावीत. दुरुस्ती जमली नाही तर वाचलेल्या कोंबड्यांना दोन-चार रात्री घराच्या पक्क्या खोलीत घ्यावे आणि काम पूर्ण झाल्यावरच परत न्यावे.

आपले,
परसातील कुक्कुटपालन करणारे काही वाचक