आईचं आयसा खातं हलवून देणाऱ्या काकूंना

ती. काकूंना सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बाबांच्या माघारी आईची पुंजी म्हणजे रोख आयसातले (ब्रिटनमधलं करमुक्त व्याजाचं बचत खातं) ४०,००० पौंड. ठेवीची मुदत कधीच संपली होती आणि पैसे ०.६ टक्के देणाऱ्या खात्यात पडून होते. बाहेर ४.१ टक्के मिळत होते. वर्षाला १,४०० पौंडांचा फरक! लेस्टरच्या थंडीत ही रक्कम काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पुण्याचा मामा म्हणाला, "इकडे पाठव, एनआरई एफडीत, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या मुदत ठेवीत टाकू, व्याज करमुक्त." तुम्ही ऐकून शांतपणे म्हणालात, "करमुक्त भारतात. वहिनी राहतात इथे, इथे ते दाखवावं लागेल. आणि रुपया घसरला तर?" मामा गप्प. (हे दृश्य दुर्मीळ.)

भावाचं म्हणणं साधं होतं: पैसे काढ, नेहमीच्या बचत खात्यात टाक. तेव्हा तुम्ही पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडलात. व्याज येणार १,६४०. पेन्शनमुळे आई २० टक्क्यांच्या करपट्ट्यात, म्हणून त्यातले १,००० करातून सुटणार. उरलेल्या ६४० वर १२८ पौंड कर. आणि खरी गोम पुढेच होती. आयसात वर्षाला २०,०००च भरता येतात आणि आईचं खातं काढलेले पैसे परत घेणाऱ्या 'फ्लेक्सिबल' प्रकारातलं नव्हतं. एकदा सगळे बाहेर काढले की निम्मे त्या वर्षी बाहेरच राहणार. "पैशांना आपण हात लावायचाच नाही. नव्या ठिकाणी खातं उघडा, त्यांचाच ट्रान्सफर फॉर्म भरा, ते जुन्यांकडून मागून घेतील. मागच्या वर्षांचे पैसे असे आले तर या वर्षाच्या मर्यादेत धरत नाहीत."

बिल्डिंग सोसायटीच्या (इथली बँकेसारखी ठेवी घेणारी संस्था) काउंटरवर तुमची उमर गेली, ते दिसत होतं. फॉर्म मी भरायला घेतला तर तुम्ही पेन आईच्या हातात दिलंत. तिचा नॅशनल इन्शुरन्स नंबर तिला तोंडपाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा असताना पैशांचे कागद तिच्यापर्यंत कधी आलेच नव्हते. तिने "नवी संस्था बुडाली तर?" हे तीनतीनदा विचारलं आणि तुम्ही दर वेळी नव्याने सांगितलंत, की डिसेंबर २०२५ पासून एका संस्थेत माणशी १,२०,००० पौंडांपर्यंत संरक्षण आहे, आधी ८५,००० होतं. मी असते तर दुसऱ्याच वेळी वैतागले असते.

रोख आयसातून रोख आयसात जायला कामकाजाचे १५ दिवस, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच्या आतच पत्र आलं. आईने ते मला न दाखवता आधी तुम्हाला वाचून दाखवलं. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

आता ती मलाच शिकवते. एप्रिल २०२७ पासून पासष्टीच्या आतल्यांना रोख आयसात वर्षाला १२,०००च भरता येणार, तिची मर्यादा मात्र २०,०००च राहणार. "म्हातारपणाचा काही तरी फायदा," म्हणते आणि माझ्याकडे बघून हसते.

या वेळी तिने एक वर्षाची मुदत घेतलीय. ती संपायची तारीख पुढच्या वर्षात पडते आणि ते कालनिर्णय अजून आलेलं नाही, म्हणून यंदाच्या डिसेंबरच्या पानामागे लिहून ठेवलीय, खाली तुमचा नंबर. तेव्हा फोन येईल, आणि तो माझा नसेल.

तुमची,
वहिनींची थोरली