पाणबुडी जोडणारे हात पुन्हा रिकामे ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ‘सूरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही मुंबईच्या माझगाव डॉक या गोदीने बांधलेल्या. तेव्हापासून पुढच्या पाणबुड्यांविषयी आपल्या दैनिकात येणारी प्रत्येक बातमी मी वाचतो. कराराची रक्कम, परदेशी भागीदार, स्वदेशीचे प्रमाण, कंपनीच्या शेअरचा भाव, सगळे त्यात असते. ‘वागशीर’ ही सहा पाणबुड्यांच्या मालिकेतली शेवटची. ती समुद्रात गेल्यावर तिचे अंग जोडणाऱ्या वेल्डरांच्या हाताला पुढे काय काम आहे, हे मात्र कुठे वाचायला मिळाले नाही. माझी सारी नोकरी मुंबईच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेली, त्यातली बरीच वर्षे पाणबुडीवर, म्हणून हे पत्र.

पुष्कळांना वाटते, लोखंडाला लोखंड जोडायचे, त्यात एवढे काय? पाणबुडीत माणसे, बॅटऱ्या, टॉर्पेडो ज्याच्या आत असतात त्या जाड पोलादी नळकांड्याला प्रेशर हल म्हणतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. तीनशे मीटर खाली गेले की एका चौरस मीटरवर जवळजवळ ३०० टन झाले. प्लेट जेवढा भार सोसते तेवढाच सांध्यानेही सोसायचा असतो, आणि त्यासाठी वापरतात ते पोलाद फार नाठाळ. प्लेट आधी तापवावी लागते आणि एका थरानंतर दुसरा थर देईपर्यंत ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा गार होऊन चालत नाही, जास्त तापूनही चालत नाही. इलेक्ट्रोड, म्हणजे वितळून सांधा भरणाऱ्या कांड्या, भट्टीतून काढून गरम डब्यातूनच जागेवर न्यायचे. मुंबईच्या दमट हवेत ते उघडे राहिले तर ओल धरतात, त्या ओलीतला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि काम संपून कित्येक तास उलटल्यावर, कधी दोन दिवसांनीसुद्धा, आतल्या आत तडा जातो. वरून काहीच दिसत नाही. गोल सांध्यावर दोन वेल्डर समोरासमोर बसून एकाच चालीने पुढे सरकतात, नाहीतर ओढ बसून रिंगचा गोलपणा जातो. मग ग्राइंडिंग, अल्ट्रासॉनिक आणि एक्स-रे तपासणी. दोष दिसला की तिथे खडूची खूण होते, तेवढा भाग कोरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. एकाच जागी हे किती वेळा करता येईल यालाही मर्यादा असते.

हे सगळे मे महिन्याच्या उकाड्यात, तापलेल्या प्लेटला गुडघे टेकून, चामड्याचे जॅकेट अंगात घालून चालते. टाकीत उतरण्यापूर्वी गॅसची तपासणी, मग परमिट, आणि मॅनहोलपाशी एक माणूस सतत उभा. या शिस्तीला कंटाळणारी नवी मुले मी पाहिली आहेत. त्यांना मी एकच सांगत असे, की बाहेर उभा असलेला तो माणूस तुझ्या घरच्यांसाठी उभा आहे. २१ जून २०१९ रोजी बांधणी सुरू असलेल्या ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेवर आग लागली आणि एका तरुण कंत्राटी कामगाराचा जीव गेला, हे वाचकांना आठवत असेल.

आता मुद्द्यावर येतो. वेल्डर चाचणीचा तुकडा जोडून दाखवतो, तो तपासला जातो, तेव्हा त्याला त्या पद्धतीचे प्रमाणपत्र मिळते. जगात वापरल्या जाणाऱ्या प्रमुख वेल्डिंग संहितांत नियम असा आहे, की सहा महिने त्या पद्धतीचे काम हातून झाले नाही तर ते प्रमाणपत्र संपते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. सहा महिने! हा नियम कोणी उगाच केलेला नाही. हात खरोखरच विसरतो. आर्क, म्हणजे कांडी आणि प्लेट यांच्यामधली विजेची ज्योत, किती लांब ठेवायचा, वितळलेले पोलाद कधी खाली ओघळणार, हे मनगटाला कळते आणि ते रोजच्या कामानेच टिकते.

आपण किती थांबलो? १९८१च्या करारानुसार जर्मन बनावटीच्या दोन पाणबुड्या जर्मनीतल्या कील येथे आणि दोन माझगावला बांधायच्या होत्या. इथली ‘शाल्की’ फेब्रुवारी १९९२मध्ये नौदलात आली, ‘शंकुल’ मे १९९४मध्ये. पुढच्या दोनांचाही विचार होता. पण १९८७मध्ये त्या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि तो विषय तिथेच थांबला. त्यानंतर इथे पाणबुडी बांधण्याचा करार झाला तो थेट ऑक्टोबर २००५मध्ये, फ्रेंच बनावटीच्या सहा पाणबुड्यांचा. त्यातली पहिली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. ‘शंकुल’पासून मोजा, तेवीस वर्षे होतात.

या काळात पाणबुडीवरची माणसे दुसऱ्या जहाजांवर गेली, तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर गेली. ते कामही अवघड, त्याला कमी लेखत नाही, पण ते पाणबुडीचे नव्हे. जर्मनीत शिकून आलेले कारागीर एकेक करून निवृत्त झाले. ज्यांची उमेदीची वर्षे शिल्लक होती त्यांनी आखाताचा व्हिसा घेतला आणि गेले. मी कोणा अधिकाऱ्याला किंवा कंपनीला बोल लावत नाही, ऑर्डरच नव्हती तर कोण काय करणार? पण फ्रेंच करार झाला तेव्हा आम्ही नवशिक्यांसारखे पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. तो करार ठरल्या वेळेपेक्षा किती लांबला हे आपल्याच दैनिकात छापून आले आहे. त्या उशिराची कारणे अनेक होती. त्यातले एक कारण १९९४नंतर रिकामे झालेले ते वर्कशॉप होते, असे मी ठामपणे म्हणतो.

दक्षिण कोरियाने याच जर्मन घराण्यातली पाणबुडी आपल्यानंतर, १९८७मध्ये मागवली. पहिली कीलला बांधून घेतली, पुढच्या आपल्या गोदीत बांधल्या आणि नऊ होईपर्यंत थांबले नाहीत. मग इंडोनेशियाला पाणबुड्या विकण्याचा करार केला आणि त्यातली पहिली २०१७मध्ये, म्हणजे आपल्या ‘कलवरी’च्याच वर्षी, इंडोनेशियाच्या नौदलात दाखल झाली. त्यांचे वेल्डर आमच्यापेक्षा हुशार होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर कोणी काढून घेतला नाही, एवढाच फरक. ब्रिटनमध्ये बॅरोच्या गोदीतही पाणबुड्यांच्या दोन मालिकांच्या मध्ये असाच खंड पडला होता, तेव्हा अमेरिकेहून मदत आणावी लागली.

आमच्या कामाबद्दल बाहेर फार बोलता येत नाही. मोबाईल गेटवर जमा, आतले काही बाहेर न्यायचे नाही, घरी सांगायचे नाही. मुले विचारत, बाबा आज काय केले, तर मी म्हणायचो, सांधा. खंडेनवमीला वेल्डिंगच्या मशीनला झेंडूचा हार घालताना मात्र छाती भरून यायची. आमच्यात रेवस, उरणकडून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून येणारेही होते. ‘खांदेरी’ बांधली जात होती तेव्हा अलिबागकडच्या एका सहकाऱ्याचा आनंद मी पाहिला आहे. थळच्या किनाऱ्यावरून शिवाजी महाराजांचा जो जलदुर्ग तो लहानपणापासून बघत आला, त्याचे नाव घेतलेली पाणबुडी तो स्वतःच्या हाताने जोडत होता. पाणबुडी पहिल्यांदा बुडी मारते तेव्हा नौसैनिकांबरोबर यार्डाची माणसेही आत असतात. आपल्या सांध्यावर अशी माणसे बसवणारा कारागीर काम कसे करत असेल, याचा वाचकांनी विचार करावा.

आता या कौशल्याला दुसरीकडूनही गळती लागली आहे. देशातल्या सगळ्याच मोठ्या गोद्यांत आज बरेचसे काम कंत्राटी मुले करतात. मुले कष्टाळू आहेत, हातही चांगले आहेत. पण कंत्राटदार बदलला की मुलगा बदलतो. ज्याला चार वर्षे शेजारी बसवून शिकवले तो पाचव्या वर्षी दुसऱ्या बंदरात किंवा परदेशात दिसतो. त्याला दोष कसा देणार? त्यालाही संसार आहे.

१९९९मध्ये सरकारने तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली होती. नव्या सहा पाणबुड्यांसाठी प्रस्ताव मागवले गेले जुलै २०२१मध्ये. याच फ्रेंच मालिकेतल्या आणखी तीन पाणबुड्यांना जुलै २०२३मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. मधल्या काळात हात चालू ठेवायला कामही आहे. त्याच जर्मन बनावटीच्या ‘शंकुश’ची मोठी दुरुस्ती २०२३मध्ये माझगावला सोपवली गेली. पाण्याखाली जास्त काळ राहता यावे म्हणून ‘कलवरी’ वर्गात डीआरडीओची एआयपी यंत्रणा बसवायची आहे, ती ज्यात बसते त्या नव्या तुकड्यासाठी, म्हणजे प्लगसाठी, ३० डिसेंबर २०२४ रोजी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. यात पाणबुडीचे अंग कापून नवा तुकडा मध्ये जोडायचा असतो, म्हणजे अस्सल प्रेशर हलचे काम. या कामावर प्रत्येक जुन्या वेल्डरशेजारी एक तरुण मुलगा बसवावा आणि जो चाचणीत उतरेल त्याला कायम करावे. आम्हा निवृत्तांना बोलावले तर आम्ही शिकवायला येऊ. डोळे पूर्वीसारखे राहिले नसले तरी शेजारच्याचा आर्क नुसत्या आवाजावरून बरा की वाईट हे अजून सांगता येते.

आपल्याला एक विनंती. पुढचा पाणबुडी करार होईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने संरक्षण मंत्रालयाला किमतीच्या प्रश्नाबरोबर हेही विचारावे: प्रेशर हल जोडण्याचे प्रमाणपत्र आज किती वेल्डरांकडे चालू आहे, त्यातले कायम किती, कंत्राटी किती, आणि पाच वर्षांत निवृत्त होणारे किती? उत्तर मिळाले तर ते किमतीच्या शेजारी, त्याच अक्षरात छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त वेल्डर, शिवडी, मुंबई